कन्हानच्या जाळ्यातला मासा नवा आहे का? कॅटफिशची नवी प्रजाती ओळखण्याची वाट

पावसाळा सरून नागपूरजवळच्या कन्हान नदीचं पाणी निवळलं की बिना संगमाकडचे ढिवर पहाटे जाळी उचलतात. अशाच एका सकाळी एका काकांनी टोपलीत हात घालून वीतभरही नसलेला एक टेंगरा, म्हणजे मिशाळ कॅटफिशमधला एक छोटा मासा, काढला आणि माझ्यासमोर धरला. "हा त वेगळाच दिसून राह्यला जी," एवढंच बोलले. टोपलीतल्या बाकी टेंगऱ्यांच्या वरच्या मिशा पार शेपटीपर्यंत पोचत होत्या, याच्या मात्र गुदपराशीच, म्हणजे शेपटीअलीकडे पोटाखाली असलेल्या पराशीच, संपल्या होत्या. बाकीचे चांदीसारखे कोरे होते, याच्या अंगावर लांबीभर दोन फिके पट्टे होते.

मत्स्यविज्ञानाची आणि प्राणिशास्त्राची मुलं मला असे फोटो पाठवतात आणि विचारतात, "सर, ही नवी स्पीशीज आहे का?" फोटोवरून याचं उत्तर कधीच देता येत नाही. मासा वेगळा आहे हे डोळ्यांना दिसतं. तो नवा आहे हे मात्र आधी नाव मिळालेले सगळे मासे एकेक करून बाजूला सारल्यावरच कळतं. कॅटफिशच्या चार हजारांहून जास्त प्रजातींना आजवर नावं मिळाली आहेत. त्या सगळ्या तुम्हाला चाळाव्या लागत नाहीत, पण आपल्या खोऱ्यातल्या आणि शेजारच्या खोऱ्यांतल्या नक्कीच चाळाव्या लागतात. ते काम कसं करायचं हे काकांच्या त्या टेंगऱ्याला सोबत घेऊन सांगतो.

आधी पाणी कुठे जातं ते पाहा

गोड्या पाण्यातला मासा डोंगर ओलांडत नाही. म्हणून नकाशा हे पहिलं हत्यार. नाग नदी कन्हानला मिळते, पेंचही कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेत जाते, वैनगंगा आणि वर्धा मिळून प्राणहिता होते आणि ती गोदावरीत उतरते. म्हणजे नागपूरचा मासा हा गोदावरी खोऱ्याचा मासा. त्याची तुलना सगळ्यात आधी गोदावरीतल्या नोंदींशी करायची, मग कृष्णेशी, मग सातपुड्याच्या दोन बाजूंच्या नर्मदा-तापीशी आणि गंगेच्या खोऱ्याशी.

गोदावरी पूर्ण तपासून झाली आहे असं समजू नका. रिटा या वंशातल्या, आपल्याकडे घोगरा म्हणतात त्या माशाच्या भावकीतली रिटा बकालू ही प्रजाती गोदावरी खोऱ्यातूनच वर्णिली गेली, तीही २०१७ साली. खाण्यासाठी विकल्या जाणाऱ्या, चांगल्या हातभर वाढणाऱ्या माशांच्या वंशातही इतक्या उशिरा भर पडू शकते. छोट्या, बाजारात कुणी न विचारणाऱ्या कॅटफिशचं तर विचारूच नका.

परवानगी

पेंच व्याघ्र प्रकल्पातलं पाणी, म्हणजे तोतलाडोहसारखा जलाशय, संरक्षित आहे. वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय तिथे जाळं, गळ काहीही टाकू नका. अभ्यासासाठी असलं तरी तो गुन्हाच ठरतो. इतर तलाव आणि जलाशय बहुतेक वेळा मच्छीमार सहकारी संस्थांनी ठेक्याने घेतलेले असतात, तिथे संस्थेला विचारा. स्वतः जाळं टाकण्यापेक्षा ढिवरांसोबत बसणं मला नेहमी फळलं आहे. त्यांच्या हाताखालून वर्षभरात जेवढे मासे जातात तेवढे कुठल्याही संशोधकाच्या आयुष्यात जात नाहीत, आणि वेगळेपण त्यांना आपल्याआधी दिसतं.

बाजारातला मासा शिकायला उत्तम आहे. भोईपुऱ्यातल्या किंवा मंगळवारीतल्या मासळी बाजारात दोन तास काढले तर मागूर, सिंघी, टेंगरा, शिंगाडा हातात धरून बघता येतात. पण पुरावा म्हणून तो मासा चालत नाही. नागपुरात आंध्रातूनही बर्फात मासे येतात. विकणाऱ्याने "कन्हानचा आहे" म्हटलं तरी पेटी कुठून आली हे सांगता आलं नाही, तर त्या नमुन्याला गाव नाही, आणि गाव नसलेल्या नमुन्यावर नवी प्रजाती उभी राहत नाही.

नदीकाठी काय करायचं

पहिलं काम फोटो, आणि तो मासा जिवंत असताना. कॅटफिशचे रंग मेल्यावर तासाभरात बदलतात आणि फॉर्मलिनमध्ये तर पट्टे, ठिपके, पिवळसर झाक सगळं उडतं. पांढऱ्या ट्रेमध्ये थोडं पाणी घ्या, मासा डाव्या कुशीचा भाग कॅमेऱ्याकडे येईल असा ठेवा, शेजारी मोजपट्टी ठेवा, ओल्या मऊ ब्रशने सगळे पर उघडा. एक फोटो पूर्ण बाजूचा, एक वरून डोक्याचा, एक खालून तोंड आणि छातीचा. छातीचा फोटो मुलं हमखास विसरतात, आणि डोंगरी ओढ्यातल्या ग्लिप्टोथोरॅक्समध्ये सगळी गंमत तिथेच असते. दगडाला चिकटून राहण्यासाठी त्याच्या छातीवर कातडीच्या घड्यांची चकती असते, आणि तिचा आकार प्रजातीगणिक बदलतो.

मासा धरताना काटे लक्षात ठेवा. पाठीच्या आणि छातीच्या परांचा पहिला काटा कॅटफिश ताठ करून कुलूप लावल्यासारखा अडकवतो, आणि सिंघीच्या छातीच्या काट्याला विष असतं. टोचलं तर जखम स्वच्छ करून, सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवा. पाणी साधारण ४५ अंशांच्या वर नको, नाहीतर भाजेल. गरम पाण्याने वेदना उतरते. काट्याचं टोक आत राहिलं असेल किंवा सूज चढत असेल तर डॉक्टरकडे जा, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या.

नोंदवहीत पेन्सिलीने लिहा: तारीख, वेळ, नदी, गाव, मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश, पाण्याची खोली, तळ वाळूचा की दगडाचा की गाळाचा, कशाने पकडला, सोबत कोणते मासे होते, आणि ढिवर त्याला काय म्हणतात. हे शेवटचं मी कधीच गाळत नाही. स्थानिक नाव हा शोभेचा तपशील नव्हे, आणि का ते पुढे येईलच.

मांसाचा तुकडा आधी, फॉर्मलिन नंतर

इथे माझ्या हातून झालेली चूक सांगतो. सुरुवातीच्या काळात मी सात मासे घरी आणून थेट फॉर्मलिनमध्ये टाकले. नमुने सुंदर टिकले. सहा महिन्यांनी डीएनए काढायचं ठरलं तेव्हा कळलं की फॉर्मलिनने डीएनए मोडतो, त्या सातांतून डीएनएच्या अक्षरांचा धड एकही क्रम मिळाला नाही. तीच जागा, तोच हंगाम गाठायला पुढच्या वर्षापर्यंत थांबावं लागलं.

म्हणून क्रम असा ठेवा. अभ्यासापुरतेच मासे घ्या, बाकीचे परत सोडा. लवंग तेल थोड्या स्पिरिटमध्ये विरघळवून पाण्यात टाका आणि मासा त्यात शांतपणे मरू द्या. कल्ल्यांची हालचाल थांबल्यावरही दहा मिनिटं तसाच राहू द्या. मग उजव्या बाजूचा छोटा मांसाचा तुकडा किंवा उजव्या पोटाच्या पराचा तुकडा कापून ९५ टक्के किंवा त्याहून शुद्ध इथेनॉलच्या छोट्या कुपीत टाका. कापाकापी उजव्या बाजूला, कारण मोजमाप आणि चित्रं जगभर डाव्या बाजूची करतात. त्या कुपीवर आणि माशावर एकच क्रमांक हवा.

त्यानंतर फॉर्मलिन. बाजारात मिळणाऱ्या फॉर्मलिनचा एक भाग आणि पाण्याचे नऊ भाग. मोठ्या माशाच्या पोटात उजवीकडे छोटा छेद द्या, नाहीतर बाहेरून कडक आणि आतून कुजलेला नमुना मिळेल. पर उघडे ठेवून, मासा सरळ पडून ताठ होऊ द्या. वाकडा झालेला मासा नंतर मोजताना रडवतो. आठवडाभराने बाहेर काढून दोन-तीन दिवस पाणी बदलत धुवा आणि ७० टक्के इथेनॉलमध्ये कायमचा ठेवा. फॉर्मलिनची वाफ डोळ्यांना आणि फुप्फुसांना वाईट, त्याने कर्करोगाचा धोकाही असतो. हातमोजे घाला आणि हे काम गच्चीवर किंवा अंगणात करा, बंद खोलीत नाही.

चिठ्ठी बरणीच्या आत हवी, जाड कागदावर पेन्सिलीने लिहिलेली. बॉलपेनची शाई इथेनॉलमध्ये पुसली जाते आणि बाहेरून चिकटवलेली चिठ्ठी एक ना एक दिवस गळते.

कुळ ठरवा

भारतातले बहुतेक कॅटफिश पाच-सहा खुणांवर कुळापर्यंत पोचवता येतात. मिशांच्या जोड्या किती, पाठीच्या परामागे बिनकिरणांचा मांसल पर आहे का, गुदपर लांब की आखूड, पाठीच्या पराला कडक काटा आहे का, आणि तोंड पुढे आहे की खालच्या बाजूला.

पाठीचा पर डोक्यामागून शेपटीपर्यंत सलग आणि काट्याविना असेल तर मागूर. पाठीचा पर इवलासा, पण गुदपर पोटापासून शेपटीपर्यंत लांबलचक, मिशा चार जोड्या, मांसल पर नाही, तर सिंघी. पाठीचा पर इवलासा, गुदपर तसाच लांब, पण मिशा दोनच जोड्या असतील तर सिल्युरिडे कुळ. त्यात तोंडाची फट डोळ्याच्या मागेपर्यंत जात असेल तर वॉलॅगो, डोळ्याच्या अलीकडेच थांबत असेल तर ओम्पॉक म्हणजे पापदाच्या भावकीतला. पाठीला कडक काटा, मागे मांसल पर, गुदपर आखूड आणि मिशा चार जोड्या, तर बॅग्रिडे: टेंगरा आणि शिंगाडा यांचं घर. घोगराही पारंपरिक वर्गीकरणात याच कुळातला, पण मिशा तीन जोड्या. अंग दोन्ही बाजूंनी चपटं, गुदपर लांब आणि तरीही पाठीला काटा असेल तर शिल्बिड गटाकडे वळा. छातीवर चिकटण्याची चकती असेल तर ग्लिप्टोथोरॅक्स.

याच टप्प्यावर परदेशी पाहुणे वगळा. थाई मागूर म्हणून ओळखला जाणारा क्लॅरियस गॅरिपिनस मुळात आफ्रिकेचा आहे. त्याच्या पालनाला आपल्याकडे बंदी आहे, तरीही तो नदी-तलावांत आढळतो. पहिल्या कल्ल्याच्या कमानीवरचे दात मोजा. गॅरिपिनसमध्ये ते २४ पासून शंभराच्या पुढेही जातात, देशी मागूरमध्ये त्याहून कमी असतात. बाजारात पंगस म्हणून मिळतो तो बहुतेकदा बाहेरून आणून वाढवलेला मासा असतो. काचेच्या टाकीतला सकर मूळ दक्षिण अमेरिकेतला, आणि कंटाळलेल्या लोकांनी तो देशभर तळ्यांत सोडला आहे. अंगावर हाडाच्या पाट्यांचं चिलखत असलेला कॅटफिश जाळ्यात आला तर तो सकर, नवी प्रजाती नव्हे.

टेंगऱ्यापाशी थांबायला हवं

मिस्टस वंश, म्हणजे आपले टेंगरे, इथे घाई करणारे सगळ्यात जास्त फसतात. काकांचा मासा मी हँडलेन्सखाली घेतला तेव्हा काय पाहिलं ते क्रमाने सांगतो.

आधी मिशा, दोन्ही बाजूंच्या. मिशी तुटून पुन्हा वाढते, मग एका बाजूची आखूड मिशी हे प्रजातीचं लक्षण वाटू शकतं. इथे दोन्ही बाजूंच्या सारख्याच आणि टोकाला निमुळत्या होत्या, म्हणजे तुटलेल्या नाहीत. मग मांसल पर: पाठीच्या पराच्या शेवटच्या किरणाला टेकूनच सुरू होणारा, लांब. मिस्टस व्हिटॅटसमध्ये हा पर आखूड आणि पाठीच्या परापासून सुटा असतो, म्हणजे ती वगळली. मग डोकं. कातडी ओली करून तिरप्या उजेडात धरलं की डोक्याच्या मधोमध एक लांबट खाच दिसते. ती कुठवर जाते ते पाहायचं. डोक्यामागून निघालेलं हाडाचं टोक पाठीच्या परापुढच्या हाडाच्या पाटीला भिडतं की मध्ये फट राहते, हेही पाहायचं. मिस्टस कॅव्हेसियसच्या मिशा शेपटीपर्यंत लांब आणि पाठीच्या काट्याच्या बुडाशी पुढे काळा ठिपका, टोपलीतले बाकीचे मासे त्या जातकुळीचे. आपल्या माशाला तो ठिपका नव्हता. त्याच्या कल्ल्यामागे खांद्यावर पुसट डाग होता, आणि अंगावर मधल्या रेषेच्या वर एक, खाली एक असे दोन फिके पट्टे.

या खुणा फ्रान्सिस डे यांनी १८७७ साली नाव दिलेल्या मिस्टस ब्लीकेरीकडे बोट दाखवत होत्या. पण बोट दाखवणं म्हणजे ओळख पटणं नव्हे.

मोजमाप

०.१ मिलिमीटरपर्यंत वाचणारा डिजिटल कॅलिपर घ्या. सगळे मासे एकाच माणसाने मोजायचे, शक्यतो एकाच आठवड्यात. दोन माणसांच्या हातातला फरक कधीकधी दोन प्रजातींमधल्या फरकाएवढा निघतो.

मूळ माप म्हणजे मानक लांबी: मुस्कटाच्या टोकापासून शेपटीच्या पराच्या बुडापर्यंत. शेपटी हळूच वाकवली की जिथे घडी पडते तिथे बूड. बाकी सगळी मापं या लांबीच्या टक्क्यांत मांडायची: डोक्याची लांबी, अंगाची उंची, मांसल पराचं बूड, पाठीच्या पराआधीची लांबी, शेपटीच्या देठाची उंची, छातीच्या काट्याची लांबी. डोक्यावरची मापं, जशी डोळ्याचा व्यास, मुस्कटाची लांबी, दोन डोळ्यांमधलं अंतर, मिशीची लांबी, ही डोक्याच्या लांबीच्या टक्क्यांत. मानक लांबी ८० मिलिमीटर आणि डोकं २० मिलिमीटर असेल तर डोकं २५ टक्के, इतकं साधं गणित आहे.

लहान माशाचा डोळा डोक्याच्या मानाने मोठा असतो आणि वाढीबरोबर तो तुलनेने लहान होतो. त्यामुळे पिल्लाची तुलना मोठ्याशी केली की दोन "प्रजाती" हमखास मिळतात. सारख्या लांबीचे मासे सारख्यांशीच ताडा. नर-मादीही वेगळे मोजा. टेंगऱ्याच्या नरात गुदपरापुढे एक लांबट, बोंडासारखा अवयव दिसतो. एका माशावर निर्णय घेऊ नका. आठ-दहा तरी हवेत, शक्यतो एकाहून जास्त ठिकाणचे.

मोजायच्या गोष्टीही आहेत: प्रत्येक पराचे किरण, पहिल्या कमानीवरचे कल्ल्याचे दात, आणि मणके. मणक्यांसाठी एक्स-रे लागतो. जनावरांच्या दवाखान्यातल्या डिजिटल यंत्रावर मध्यम आकाराच्या माशाचे मणके स्वच्छ दिसतात.

जुनी नावं: इथेच खरं काम

समजा सगळ्या खुणा जुळत नाहीत. तरी थांबा, कारण ज्या नावाशी तुम्ही तुलना करताय त्या नावाचा खरा मासा कोणता, हा प्रश्न अजून बाकी आहे.

प्रत्येक नाव एका ठरावीक नमुन्याला आणि तो जिथे सापडला त्या जागेला बांधलेलं असतं. त्या जागेला मूळ स्थळ म्हणूया. पुस्तकात छापलेलं चित्र, संकेतस्थळावरचा फोटो, आधीच्या शोधनिबंधातली यादी, हे सगळं दुय्यम. उदाहरण मागूरचंच घ्या. आपल्या मागूरला वर्षानुवर्षं क्लॅरियस बॅट्रॅकस म्हणत आलो. २००८ साली त्या नावाची कसून तपासणी झाली तेव्हा स्पष्ट झालं की ते नाव जावातल्या माशाचं आहे. आपल्या माशाचं नाव क्लॅरियस मागूर, हॅमिल्टन यांनी १८२२ साली गंगेच्या खोऱ्यातून दिलेलं. ती नवी प्रजाती नव्हती. दीडशेहून जास्त वर्षं पडून असलेलं जुनं नाव धुळीतून वर आलं, इतकंच.

टेंगऱ्याचंही तसंच. भारतभर कॅव्हेसियस म्हणून नोंदले गेलेले मासे २००५ साली वेगवेगळे करून पाहिले गेले. तेव्हा दक्षिण भारतातल्या नद्यांमधल्या माशासाठी मिस्टस सींगटी हे नाव पुन्हा उभं करावं लागलं, आणि म्यानमारमधल्या माशाला मिस्टस फाल्केरियस हे नवं नाव मिळालं. त्या एकाच कामात एक मासा नवा ठरला आणि दुसऱ्याला त्याचं जुनं नाव परत मिळालं. नागपूरच्या यादीत कॅव्हेसियस लिहिण्याआधी सींगटीशी ताडून पाहणं म्हणूनच भाग आहे.

सींगटी हे नाव नीट ऐका. शिंगटी! कर्नल साइक्स यांनी दख्खनचे मासे वर्णिताना, १८३९ साली, इथल्या लोकांना विचारून नावं लिहून घेतली. शिंगाड्याचं, म्हणजे शिंगाळ्याचं, झालं स्पेराटा सींघाला, घोगऱ्याचं रिटा गोग्रा, कटरण्याचं रिटा कुटर्नी. पुढे १९५२ साली सी. व्ही. कुलकर्णी यांनी कृष्णा खोऱ्यातल्या एका छोट्या कॅटफिशला खवलचोर हेच प्रजातीनाम दिलं, कारण तो दुसऱ्या माशांचे खवले ओरबाडून खातो. मराठी नावं अशी लॅटिन नावांत जाऊन बसली आहेत. नोंदवहीत ढिवरांचं नाव लिहा म्हणालो ते यासाठी. शंभर वर्षांपूर्वीच्या वर्णनातला मासा कोणता हे कधीकधी त्या नावावरूनच उमगतं.

हॅमिल्टन यांच्या बहुतेक माशांचे नमुने आज कुठेही नाहीत. अशा वेळी मूळ स्थळावरून, किंवा त्याच नदीतून, ताजे नमुने मिळवून त्यांच्याशी तुलना करतात. मूळ वर्णन मिळवायला बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीत जुने ग्रंथ फुकट आहेत. कोणत्या वंशात कोणती नावं, कोणतं कशाचं समानार्थी, मूळ स्थळ कोणतं, नमुना कुठे, हे कॅलिफोर्निया ॲकॅडमीच्या एशमायर कॅटलॉगमध्ये एकत्र मिळतं. तिथे आपल्या वंशाची सगळी नावं काढा, समानार्थी म्हणून बाजूला टाकलेलीही. तुमचा "नवा" मासा त्या टाकलेल्या नावांत असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. मग एक तक्ता करा: डावीकडे नावं, वर खुणा. प्रत्येक नावासमोर तुमच्या माशाला त्यापासून वेगळं करणारी निदान एक ठाम खूण लिहिता यायला हवी. एकही चौकट रिकामी असेल तर काम संपलेलं नाही.

डीएनए

हल्ली सगळे इथूनच सुरू करतात, म्हणून मुद्दाम मागे ठेवलं. माशांसाठी सीओआय नावाच्या जनुकाचा साडेसहाशेच्या आसपास अक्षरांचा तुकडा वाचतात. तो जेनबँक आणि बोल्ड या भांडारांतल्या क्रमांशी ताडतात. तुमचा मासा जवळच्या नातेवाइकापासून दोन टक्के वेगळा निघाला की "नवा" असं कुणी सांगितलं तर मान डोलावू नका. काही खऱ्या प्रजातींत फरक त्याहून कमी असतो, आणि एकाच प्रजातीच्या दूरच्या नद्यांतल्या माशांत तो जास्तही निघतो. शिवाय भांडारातल्या क्रमांवरची नावं ज्याने त्याने दिलेली असतात. कॅव्हेसियस म्हणून टाकलेला क्रम कुठल्या नदीचा, नमुना कुठे ठेवला आहे, हे लिहिलेलं नसेल तर त्यावर भार टाकू नका. मूळ स्थळाजवळचा एक क्रम अशा वीस क्रमांपेक्षा मोलाचा. शरीराच्या खुणा आणि डीएनए दोन्ही एकाच बाजूला बोलत असतील, तरच पुढे जा.

नाव देणं

प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेची सध्याची आवृत्ती १ जानेवारी २००० पासून लागू आहे. नव्या नावासाठी मोजक्या गोष्टी लागतात. प्रकाशित निबंध, इतरांपासून वेगळेपण सांगणारं खुणांचं वर्णन, आणि होलोटाइप म्हणून निवडलेला एकच नमुना व तो कुठल्या संग्रहात आहे याचा उल्लेख. सोबतचे बाकी नमुने पॅराटाइप. फक्त ऑनलाइन निघणाऱ्या नियतकालिकात छापत असाल तर झूबँक या प्राणिनामांच्या अधिकृत नोंदवहीत नोंदणी हवी. पैसे घेऊन चार दिवसांत छापून देणाऱ्या नियतकालिकांपासून दूर राहा. तिथे छापलेलं चुकीचं नाव कायमचं साहित्यात राहतं आणि पुढच्या अभ्यासकाला ते उपसत बसावं लागतं. स्वतःचं नाव प्रजातीला देत नाहीत. नदीचं, गावाचं, खुणेचं किंवा ढिवरांच्या बोलीतलं नाव द्या.

भारतात आणखी एक बंधन आहे. जैविक विविधता कायदा, २००२ च्या कलम ३९ प्रमाणे नवा जीव शोधणाऱ्याने नेमून दिलेल्या संस्थेला कळवून तिथे नमुना जमा करायचा असतो. माशांसाठी भारतीय प्राणी सर्वेक्षण विभाग आहे. मुख्यालय कोलकात्यात, आणि महाराष्ट्रातलं पश्चिम केंद्र पुण्यात. जमा केल्यावर मिळणारा नोंदणी क्रमांक निबंधात हवा. नमुना घरातल्या कपाटात ठेवून लिहिलेलं वर्णन कुणी तपासू शकत नाही. नागपुरात मार्गदर्शन हवं असेल तर तेलंगखेडीचं मत्स्य विज्ञान महाविद्यालय आणि विद्यापीठाचा प्राणिशास्त्र विभाग गाठा. कॅटफिशवर काम करणाऱ्या एखाद्या अनुभवी वर्गीकरणकाराला हस्तलिखित दाखवल्याशिवाय पाठवू नका.

पदवी नाही म्हणून मागे राहू नका. केरळात जमिनीखालच्या पाण्यात डोळे नसलेले होराग्लॅनिस कॅटफिश राहतात. त्यातली पहिली प्रजाती १९५० साली वर्णिली गेली. २०२३ मध्ये त्या वंशात आणखी एक आली, होराग्लॅनिस पॉप्युली, म्हणजे लोकांचा. घरच्या विहिरीतून आलेला छोटा लालसर जीव फेकून न देता संशोधकांना कळवणाऱ्या सामान्य माणसांसाठी ते नाव आहे. नागपूर जिल्ह्यात पाणी उपसणाऱ्या विहिरी कमी नाहीत.

काकांच्या माशाचं काय झालं

तो नवा निघाला नाही. तक्त्यात मिस्टस ब्लीकेरीसमोरची चौकट रिकामीच राहिली. त्याला वेगळं करणारी एकही ठाम खूण मला त्या हंगामात सापडली नाही. पण ब्लीकेरी हे नाव उत्तरेकडच्या नद्यांतल्या माशावरून दिलेलं आहे, आणि कन्हानचा मासा गोदावरीचा. दोन्ही खरंच एक आहेत का, हे उत्तरेकडचे ताजे नमुने आणि त्यांचे क्रम हाती आल्याशिवाय ठरणार नाही. तोवर बरणीच्या चिठ्ठीवर "मिस्टस, ब्लीकेरीशी तुलना करावी" एवढंच आहे. खाली बिना संगम, तारीख, अक्षांश-रेखांश आणि मांसाच्या कुपीचा क्रमांक.

पुढच्या आठवड्यात मी काकांना हे सांगायला गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग अजून किती पाहिजेत जी?" मी म्हटलं, आठ, आणि त्यात माद्याही. ते जाळं घेऊन कोलार नदीच्या तोंडाकडे निघाले.